टेप धरणारी

नास, आयर्लंड, ३ मार्च २०१९

प्रिय हेमचंद्र,

'प्रिय' सवयीने आलं, चढून जाऊ नकोस. तुझ्या कंपनीने डॉयलबाईंचा पब घेतल्याचं कळलं. मागचा भाग पाडून तिथे फ्लॅट उठवणार म्हणे. ग्रँड, म्हणजे झकास, इथले लोक म्हणतात तसं.

२०१५ साली दर रविवारी मी तो पब मोजायचे, आठवतं ना? पुण्यात आपण एकाच वर्गातले आर्किटेक्ट. इथे तुला नोकरी मिळाली, मला नाही; घरात बसून जीव विटला होता. दोनशे वर्षांची वास्तू ती. पुढे किराणा, मागे दारू, आणि कोपऱ्यात 'स्नग', म्हणजे बायकांनी पुरुषांच्या नजरेआड बसून प्यायची लाकडी खोली. तिथेच बसून मी नकाशे काढले. तू दोनदा आलास, तेही बिअर प्यायला.

मग बाबा आजारी पडले. नकाशे विश्वासाने तुझ्याकडे ठेवून मी तीन महिने पुण्याला गेले. परतले तर ते तुझ्या नावाने छापलेले, वर बक्षीसही. त्याच पबमध्ये, सगळ्या मराठी मंडळींसमोर तू हसत म्हणालास, "अलका? ती फक्त टेप धरायची."  त्याचा राग अजून जात नाही.

पण नक्कल करायलाही अक्कल लागते, राजा. मागच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा होता, आड कपाट होतं. जाडी न मोजताच मी 'नवी, विटांची' लिहून टाकलं. चूक माझीच. पुढे डॉयलबाईंनी कपाट हलवलं, तर मागे गिलावा पडलेला. आत दगड, चुना आणि पाव भाजायची भट्टी. अख्ख्या घरातली सगळ्यांत जुनी भिंत ती; अशी भिंत इथे पाडू देत नाहीत. माझ्याकडेच राहिलेल्या मोजमापांच्या वहीत मी दुरुस्ती केली. तू माझी चूकसुद्धा अहवालात जशीच्या तशी उचललीस आणि 'नवी भिंत' म्हणून पाडायला परवानगी मागितलीस. पावणेतीन फूट जाड आहे ती. एकदा जरी टेप लावली असतीस, तर कळलं असतं.

माझी वही, तारखांसकट, महिन्यापूर्वीच परवानगी देणाऱ्या काउन्सिलकडे दिली आहे. गुरुवारी अकराला त्यांच्या अधिकारी बाई भिंत मोजायला पबमध्ये येणार आहेत. तुझा अर्ज तिथेच मरावा आणि त्या नकाशांवरून तुझं नाव उतरावं, एवढंच मला हवंय. तू नक्की ये. या वेळी टेप तू धर, आकडे मी लिहिते.

तुझीच,
अलकनंदा