गळाच्या बदल्यात

आई, तुझा गळ अजून माझ्याकडेच आहे. मागच्या पडवीत खुंटीला, दोर वेगळा आणि लोखंड वेगळं, तू ठेवायचीस तसाच. दर पावसाळ्याआधी त्याच्या आकड्यांना तेल लावतो. विहिरीत पडलेली बादली, कळशी काढायला पूर्वी घरोघरी असा गळ असायचा. आता आपल्या वाडीत हा एकच उरला, बाकीच्यांचे भंगारवाल्याने नेले. तुला अक्षर येत नव्हतं आणि मी सातवीत शाळा सोडली, तेव्हा या लिहिण्यात फारसा अर्थ नाही हे मला कळतं. हे पाठवलं असतं तरी तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं. मग वाचणारा मधलं काय गाळेल आणि पदरचं काय घालेल याचा घोर मला लागला असता. म्हणून पाठवायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलो.

गळ न्यायला कुणी आलं की तू आधी त्याच्या हाताकडे बघायचीस. 'काय ठेवून जाशील?' हा तुझा पहिला प्रश्न. कोयता, विळा, पोराच्या पायातला वाळा, काहीही चालायचं, पण रिकाम्या हाताने गळ मिळायचा नाही. लोक हसायचे. 'अगं, गळच मागतो, बैल नाय मागत,' असं म्हणायचे. तू हसायची नाहीस. एकदा तू गवताला गेली होतीस आणि समोरची काकी गळ मागायला आली. मी तो काढून दिला, तिच्याकडून काही घेतलं नाही. तू आलीस, डोक्यावरचा भारा अंगणात टाकलास आणि खुंटी बघितलीस. 'काय ठेवलं तिनं?' 'काय नाय.' 'मग जा. काय तरी घेऊन ये. घेतल्याबिगर उंबरा वलांडू नको.' मी समोर जाऊन तिच्या दारात उभा राहिलो. काकी चुलीपुढे होती. मला तोंडाने मागता येईना, पण तिला ते कळलं. आमटीतली पितळेची पळी तिने काढली, धुतली, पदराला पुसली आणि माझ्या हातात दिली. 'घे रं बाबा. तुझ्या आईला सांग, आता आमटी हातानंच वाढते म्हणावं.' ती पळी गरम होती. अंगण ओलांडताना मी ती एका हातातून दुसऱ्या हातात करत होतो, आणि तू दारात उभी राहून बघत होतीस.

संध्याकाळी गळ परत आला, काकीच्या नवऱ्याने आणून खुंटीला लावला. पळी मात्र न्यायला कुणी आलं नाही. मी पोचवून येतो म्हटलं तर तू म्हणालीस, 'तिची तिनं न्यावी. आपण कशाला जायचं?' ती कधीच आली नाही. तुम्ही दोघी समोरासमोर राहिलात, एकीचं अंगण झाडून झालं की दुसरीचं सुरू व्हायचं, पण बोलणं कामापुरतं. पळी आपल्या चुलीशेजारी भिंतीला टांगलेली राहिली. तू ती कधी वापरली नाहीस. मात्र दर दिवाळीला आपली पितळी भांडी चिंचेने घासताना तीही घासायचीस. तू गेल्यावर मीही घासत आलो. का, ते स्वतःला विचारलं नाही.

आता वाडीचं सांगतो. आपल्या वरच्या उताराला आता फार्महाऊस झाली आहेत. उंच कुंपणं, आत निळ्या पाण्याचे तलाव, आणि प्रत्येकाची बोअर. त्यामुळे की आणखी कशामुळे ते देव जाणे, पण वाडीची विहीर होळी झाली की तळ दाखवते. टँकर येतो तेव्हा येतो. या उन्हाळ्यात सगळे देवळात जमले आणि ठरलं की कुणाची वाट बघायची नाही, वाडीनेच वाडीच्या विहिरीचा गाळ काढायचा, आणि तो झाला की आपल्या विहिरीचा. म्हणजे तुझ्या आणि माझ्या. आपल्या विहिरीला झरे चांगले आहेत, ती साफ झाली तर सगळ्या वाडीला जेठापर्यंत पुरेल, असं ते म्हणाले. मी खांबाला टेकून ऐकत होतो. सगळे फारच गोड बोलत होते.

खरं सांगतो, मला यातला एक शब्द पटला नाही. ज्याच्या हाताने गाळ निघाला तो उद्या म्हणणार, विहीर आमची पण आहे. दुसरं, पुढाकार घेणारा कोण, तर टेंपोवाला. रसायनीला कारखान्यांचा माल वाहतो आणि त्याच्या मेहुण्याचे टँकर आहेत. आपल्या विहिरीचं पाणी टँकरात भरून वरच्या निळ्या तलावांत गेलं तर मी काय करणार? तिसरं, गाळ. विहिरीचा गाळ म्हणजे सोनं, तो कुणाच्या शेतात पडणार हे देवळात कुणी काढलंच नाही. आणि त्याच आठवड्यात नेरळहून मुलाचा फोन. 'बाबा, काढू दे ना गाळ. तुमचं काय जातंय?' एरवी तो मला विहिरीबद्दल विचारतो का? एरवी म्हणतो, विकून टाका सगळं आणि इकडे फ्लॅटवर या. त्याला कुणी सांगितलं? मी विचारलं तर हसला.

पण आई, आपलं पाणीही खाली गेलं होतं. बादली तळाला टेकायची आणि वर यायची ती निम्मी चिखलाने भरून. मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. पाणी गाळून, निवळून घ्यायचो आणि गप्प बसायचो. विहीर गेली तर इथे राहायला मला कारण उरणार नाही, आणि हे मुलाला कळलं तर पुढच्या रविवारीच गिऱ्हाईक दारात उभं राहील. एक दिवस काकीची सून, तीही आता नातवंडांची आजी झाली, अंगणातूनच म्हणाली, 'भावजी, तुमची बादली वाजते आताशा. आमच्या पडवीत ऐकू येतं.' मी म्हटलं, 'बादली जुनी झाली.' ती म्हणाली, 'बादली न्हवं, दगड वाजतो.'

वाडीच्या विहिरीचं काम आटोपलं आणि एका सकाळी सगळे आपल्या अंगणात आले. पंप, घमेली, फावडी, सगळं घेऊन. काकीची सून पुढे. पंप सोडायच्या आधी पडलेल्या फांद्या, बादल्या काढायला हव्यात, नाहीतर पंपाचं तोंड अडकतं, म्हणून गळ हवा होता. माझ्या तोंडून तुझंच वाक्य आलं. 'काय ठेवून जाशील?' तिला हसू आलं. तिचं ते हसू बघून माझा संशय आणखी भडकला आणि मी म्हणालो, 'एकटीनं नाय. आज विहिरीला हात लावील त्या प्रत्येकानं काय तरी ठेवायचं.'

मग टेंपोवाला म्हणाला, 'आबा, सही करून देऊ का?'

'सही नको. वस्तू ठेव.'

त्याने खिशातून टेंपोची चावी काढली आणि ओटीवर ठेवली. मग एकच गोंधळ उडाला. कुणी मोबाईल ठेवले, कुणी हेल्मेट, कुणी घरी जाऊन कुकर घेऊन आलं. एकाने तर शेळी आणून खांबाला बांधली. एक सून म्हणाली, 'मी सासूला ठेवते. परत नाय केली तरी चालंल.' मागून तिची सासू म्हणाली, 'ठेव गं ठेव. इथं चहा तरी येळेवर मिळंल.' सगळी वाडी हसत होती. काकीच्या सुनेने मिक्सरचं भांडं आणून ठेवलं, झाकणासकट. मी गळ दिला.

ते घराला वळसा घालून मागे विहिरीकडे गेले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. विहीर मागे, ओटी पुढे. मी विहिरीवर लक्ष ठेवायला गेलो तर या वस्तूंजवळ कोण बसणार? एक मोबाईल गेला तर सगळी वाडी मला चोर म्हणेल. मी जागचा हलू शकलो नाही. मागून पंपाचा आवाज येत होता, 'खेच, खेच', 'अरं हळू, डोक्यात घालतो का माझ्या', बायकांच्या रांगेतला हशा, आणि मला काही म्हणजे काही दिसत नव्हतं. मोबाईल वाजत होते. एकावर 'घर' असं नाव येत होतं, पुन्हा पुन्हा. मी हात लावला नाही. शेळीने हेल्मेटचा पट्टा खाल्ला, तो तिच्या तोंडातून ओढून काढेपर्यंत निम्मा पोटात गेला होता. मला वाटलं, हे यांनी ठरवून केलं. म्हाताऱ्याला खोड आहे, तो गहाण मागणार, मग सगळ्यांनी ढीग लावायचा आणि त्याला ओटीवर डांबून ठेवायचं. गहाण मीच मागितलं होतं हे मला कळत होतं, तरी तसं वाटत होतं. टेंपोची चावी मात्र मी उचलून मुठीत धरली. ज्याच्यावर माझा सगळ्यात जास्त संशय, त्याचं पोट माझ्या मुठीत. ती मूठ मला दिवसभर सोडता आली नाही.

दुपारी काकीची सून पिण्याचं पाणी न्यायला घरात आली. एक डोळा ओटीवर ठेवून मी तिच्या मागोमाग आत गेलो, अर्थात. ती चुलीपाशी थांबली. भिंतीकडे बघत म्हणाली, 'ही हाय व्हय अजून?'

'तुमचीच आहे. घेऊन जा. गळ त्याच दिवशी परत आला होता.'

तिने पळीला हात लावला नाही. म्हणाली, 'मी लग्न होऊन आले तवा आमटी वाढायला वाटी होती. इचारलं, पळी नाय का? सासूबाय म्हणल्या, हाय, समोर हाय. मी म्हणलं, आणू? तर म्हणल्या, नको गं. ती बाई कुणाच्या दारात जात नाय नि कुणाला दारात घेत नाय. आपली पळी तिथं हाय तवर कदी बी जाता येतं. म्हणायचं, पळी न्यायला आले.'

'मग आल्या का नाहीत?'

'एकदा आल्या असत्या की मग निमित्त संपलं असतं ना, भावजी.' मग पळीकडे पुन्हा बघितलं. 'चकाकते की.'

आई, यावर विश्वास ठेवू का नको हे मला अजून ठरवता येत नाही. ज्याला पाणी हवं असतं तो गोड बोलतो. उभ्या उभ्या रचली असेल गोष्ट. पण मग मी तुझ्याकडे येतो. गहाणाची वस्तू घासून ठेवायची तुला काय गरज होती? कोयते, विळे लोक घेऊन जाईपर्यंत तू ओटीच्या कोपऱ्यात टाकून द्यायचीस, त्यांना तू कधी पुसलं नाहीस. ही एकच तू घासायचीस. तुला ठाऊक होतं का? 'तिची तिनं न्यावी' हे तू रागाने म्हणत होतीस असं मी आयुष्यभर धरून चाललो. तुझा चेहरा आठवायचा प्रयत्न करतो, पण मला दारात उभी राहून माझ्या हातातल्या पळीकडे बघणारी तूच तेवढी आठवतेस.

उन्हं उतरली तेव्हा काम झालं. झरे मोकळे झाले. गाळ सगळा आपल्याच शेतात पसरला, न विचारता. का, याचाही मला घोर लागलाच. सगळे चिखलाने माखून ओटीवर आले आणि मी एकेकाची वस्तू 'हीच ना?' विचारून हातात दिली. टेंपोवाल्याने चावी उलटसुलट करून बघितली आणि मोठ्याने म्हणाला, 'आबा, डिझेल तरी नाय ना काढलं?' सगळी वाडी पुन्हा हसली. मलाही जरा हसू आलं, पण ते मी दाखवलं नाही. गळ जागेवर आला, दोर वेगळा, लोखंड वेगळं. कुणाला कसं ठाऊक, तो तसा ठेवायचा ते?

आता सकाळी बायका पाणी न्यायला येतात. मी काठावर बसून बघतो, कोण किती नेतं. टँकर अजून आलेला नाही, पण म्हणून येणार नाही असं कसं म्हणू? बादली आता वाजत नाही. मुलगा फोनवर विचारतो, पाणी कसं आहे, आणि मी सांगतो, बरं आहे, आणि विषय बदलतो.

एक वस्तू मात्र ओटीवर राहून गेली. मिक्सरचं भांडं. काकीची सून त्या दिवशी सगळ्यांच्या शेवटी गेली, मोकळ्या हाताने. मी ते आत आणून पुसलं आणि पळीखालच्या फळीवर ठेवलं. ती रोज पाण्याला येते. 'काय भावजी,' एवढंच म्हणते. भांड्याचं नाव काढत नाही आणि मीही काढत नाही. सकाळी तिच्या घरातून पाट्यावरच्या वरवंट्याचा आवाज येतो, मी कान देऊन ऐकतो. म्हणजे मिक्सर बंद आहे. म्हणजे भांडं इथे आहे हे तिला माहीत आहे. किंवा वीज नसेल. तिकडे वीज नसेल तर आपल्याकडेही नसते, म्हणून मी उठून दिवा लावून बघतो, दिवा लागतो.

अंगण ओलांडून पोचवायला मला किती वेळ लागेल? पण मी गेलेलो नाही. आयुष्यभर लोक मुद्दाम काय काय करतात याची मला धास्ती वाटत आली. आता पहिल्यांदाच उलटी धास्ती आहे, ती विसरली तर नसेल ना.