पट्टी फक्त मंदारला

१५ नोव्हेंबर, शनिवार

शेजारच्या इमिराती बाईंच्या, उम्म सालेमच्या, मुलाला सक्तीच्या लष्करी सेवेचं बोलावणं आलं. त्याच्या जुळ्या बहिणीला सक्ती नाही.

मला ह्यांची लाकडी पट्टी आठवली. खोड्या दोन्ही मुलांच्या, पट्टी फक्त मंदारला. "मुलगा आहे, सोसेल," हे म्हणायचे. मी का गप्प बसले? हे असते तर आज मी ह्यांच्याशी भांडले असते. नाहीत, म्हणून जेवताना मीच मंदारची माफी मागितली.

"इट्स ओके, आई. खलास."

नेहा म्हणाली, "दादा, निम्म्या खोड्या माझ्या होत्या."

"निम्म्याच?"

दोघंही हसत सुटली.

पट्टी मी ह्यांची आठवण म्हणून जपली आहे. जेवणानंतर मंदारनं ती मागितली, त्याच्या लेकीला वहीत रेघा आखायला. बघत बसले. छान सरळ येत होत्या.