रेड वॉर्निंग असताना तू बाहेर का पडलास?

प्रिय मंदार,

आज दुपारी मला कळलं, की जाताना तू माझ्याशी खोटं बोललास. म्हणून लिहितेय. आधी तुझ्या फोटोसमोर जाऊन उभी राहिले होते, पण तू त्यात हसतोयस, आणि हसणाऱ्या माणसाशी भांडता येत नाही. तेव्हा कागदावर भांडते.

बाहेर वारा चढायला लागलाय. उद्याच्या वादळासाठी ऑरेंज वॉर्निंग दिली आहे, रेडच्या एक पायरी खालची. दुपारचा चहा होतो न होतो तोच अंधार पडला. डोनेगलचा डिसेंबर! तुझा लाडका! सूर्य नऊ वाजता डोळे चोळत येणार आणि चार वाजता पळणार, सरकारी कचेरीतल्या साहेबासारखा. हे तुझंच वाक्य. तुला त्यातही मजा वाटायची.

देश सोडून इथे, या समुद्रकाठच्या गावात आलो ते माझ्या हॉस्पिटलच्या नोकरीसाठी, कबूल. पण नंतर मीच ल्यूकनला जाऊ म्हणत होते ना? तिथे आपली माणसं, गणपती, इराशी मराठी बोलायला चार घरं. एनिसच्या हॉस्पिटलमध्येही जागा निघाली होती. तू काय म्हणालास? "तुझं कुठेही जमेल गं, पण अशी हवा कुठे मिळणार?"

हवा! आडवा येणारा पाऊस, पहिल्याच आठवड्यात उलटी झालेली छत्री, मे महिन्यात गारा. जूनमध्ये अकरा वाजेपर्यंत उजेड, पोर झोपायला तयार नाही. एखाद्या दिवशी ऊन पडलं की अख्खा गाव दोरीवर कपडे टाकायला धावतो, आणि त्यात सगळ्यात पुढे तू, हाफ पँट घालून. भुरभुर पावसाला इथे 'सॉफ्ट डे' म्हणतात, हे तू मला इतक्या कौतुकाने सांगितलंस, जणू तो पाऊस तूच पाडला होतास. कंपनीचा कॉल चालू असतानाही म्यूट करून हाक मारायचास, "शलाका, लवकर ये, समुद्रावरून ढग आत शिरतोय बघ." मी ड्यूटीवरून आलेली, उभ्या उभ्या झोपणारी. तरी यायचे.

एवढी हवा कळायची तुला. मग रेड वॉर्निंग तेवढी कळली नाही?

इथे वादळांनाही नाव ठेवतात, बाळाला ठेवावं तसं. त्या वादळाचं नाव मी वर्षभरात एकदाही उच्चारलेलं नाही. त्याला नावं मात्र रोज ठेवते.

त्या सकाळी शाळा बंद, दुकानं बंद, वीज गेलेली. सेलच्या रेडिओवर सारखं एकच: घराबाहेर पडू नका. इरा उशा घेऊन जिन्याखाली बसली होती. तेवढ्यात एक पत्रा उडत आला आणि आपल्या कुंपणात अडकला. तू म्हणालास, "नोराच्या छपराचा तर नसेल?" मग आतल्या खोलीत गेलास, तुझा फोनवरचा आवाज आला, आणि बूट चढवतच बाहेर आलास. "नोराचा फोन होता. घाबरलीय बिचारी, ये म्हणतेय. घेऊन येतो."

ऐंशी पार केलेली, एकटी राहणारी शेजारीण ये म्हणते म्हटल्यावर मी काय बोलणार? तरी दारात तुझा हात धरलाच. "मंदार, रेड आहे." तू हात सोडवून घेतलास. "अगं, वळणापलीकडे तर घर आहे!"

वळणावरच झाड पडलं. तू पोचलाच नाहीस. आणि नोराच्या घराला काय झालं होतं? काही नाही! पत्रा कोंबड्यांच्या खुराड्याचा होता.

गावाने तुला हीरो केलं. लोक सँडविचचे ट्रे घेऊन आले, रांगेने माझा हात हातात घेऊन 'सॉरी फॉर युअर ट्रबल' म्हणून गेले. फार चांगली माणसं आहेत. पण कुणी 'ब्रेव्ह मॅन' म्हटलं की मला किंचाळावंसं वाटायचं. पुण्याहून तुझ्या आई फोनवर म्हणाल्या, "आमचा मंदार होताच गं असा." मी फोन इराकडे दिला.

आणि राग काढला तो सगळा नोरावर. ती ब्रेड भाजून दाराशी ठेवायची, मी तिच्याकडे न बघता दार लावून घ्यायचे. दुकानात दिसली की मी मागे फिरायचे. तिने बोलावलं म्हणून तू गेलास, असंच मी धरून चालले होते. ती कधी एक शब्दानेही उलटून बोलली नाही.

आज इरा शाळेतून आली ती नोराला घरी आणायचं का हे विचारतच. आता मला आई सोडून इथल्या पोरांसारखं 'मॅम' म्हणते. "मॅम, इज नोरा कमिंग अप टू आवर्स फॉर द स्टॉर्म?"

"का म्हणून?" मी म्हटलं.

"शी इज ऑन हर ओन, मॅम."

मी तिचा डबा धुवायला घेतला. तर बाईसाहेब स्वतःच कोट घालायला लागल्या! तुझीच लेक. त्या रस्त्याने तिला एकटीला सोडणं शक्य नव्हतं. तिला घरी बसवलं आणि गाडीची किल्ली उचलली.

नोराने दार उघडलं. मी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. म्हटलं, "चला, वारा यायच्या आत. या वेळी फोन करायची वाट बघू नका."

ती दाराची चौकट धरून उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मी फोन केला नव्हता, शलाका. त्याने केला होता. मी म्हटलं, मी ग्रँड आहे, अगदी ठीक, चहा पितेय, तू घरीच बस, वेड्या. तो 'बरं' म्हणाला."

बरं म्हणाला! तिला बरं म्हणालास आणि मला सांगितलंस की ती बोलावतेय. दोघींशी खोटं, एका दमात!

"मग वर्षभर बोलला का नाहीत?" मी ओरडलेच.

"तुला कुणावर तरी रागवायला हवं होतं," ती म्हणाली. "त्याच्यापेक्षा माझ्यावर बरं."

"मग आज कशाला सांगितलं?"

"आज तू मला न्यायला आलीस. आता हे लपवून तुझ्या गाडीत कशी बसू?"

मी तिच्या पायरीवर बसून रडले. वरून गारा पडायला लागल्या. ती माझ्या डोक्यावर स्वतःचा कोट धरून उभी राहिली, गारा स्वतःच्या अंगावर घेत. तुझ्या मरणानंतर माझ्यासाठी कुणी इतकं केलेलं नाही, आणि तिच्याशी मी कशी वागत होते बघ! तुझ्यामुळे!

का रे असं केलंस? खरं सांगितलं असतंस तर मी अडवलं असतं, म्हणूनच ना? म्हणजे माझं बरोबर आहे हे तुला कळत होतं. कळत असूनही गेलास! तिला डोळ्यांनी बघितल्याशिवाय तुझ्या जिवाला चैन पडली नसती. आणि माझा जीव? जिन्याखाली बसलेल्या पोरीचा?

आत्ता नोरा स्वयंपाकघरात इराला पत्ते पिसायला शिकवतेय. वरणभात खाल्ला, वर "थोडं मीठ कमी आहे" असंही सांगितलं. इरा खिदळतेय. मला हसू येत नाहीये, पण ऐकायला बरं वाटतंय.

तुला आज माफ करणार नाही. उद्याचं उद्या. पण एक वचन देते. वर्गात इरा सांगते, माझा बाबा हीरो होता. सांगू दे. कळत्या वयाची झाली की मी तिला सगळं सांगेन, तुझ्या खोट्यासकट. बाबा जीव लावणारा होता आणि बाबा चुकला. यातलं एक झाकून दुसरं सांगणार नाही. आणि या घरातून वादळात कुणीही, कुणासाठीही, बाहेर पडणार नाही. ज्याला आणायचं त्याला आदल्या दिवशी आणू. इतकं सोपं होतं, मंदार!

तुझीच, आणि अजून रागातच,
शलाका