सहाव्या भागात बोकड नाही

गुरुवार, ५ जून

बोकड नाही!!

इतकी वर्षं वाट पाहिली. आज ऑफिसला 'पोट बिघडलंय' कळवून घरी बसले, 'लँटर्न कोस्ट' गेमचा सहावा भाग उतरवून घेतला — आणि जहाजावर मस्टर्ड नाही. वाटलं, पुढे भेटेल. कुठल्यातरी बेटावर गवत खात उभा असेल, नोरा कप्तान त्याला मिठी मारेल, मी रडेन. संध्याकाळ झाली. गवत आहे. बोकड नाही.

पहिल्या भागापासून पाचव्यापर्यंत खडक जवळ आला की मस्टर्ड ओरडायचा. बेंऽऽ! की मी आणि माझा मित्र टेरेन्स मिळून सुकाणू फिरवणार. माझं अर्धं बालपण दादरला, पोर्तुगीज चर्चमागे टेरेन्सच्या घरात, त्या बोकडाच्या भरवशावर गेलं. आता काय, तर 'खऱ्या समुद्राचा अनुभव'! वारा नाही तर थांबा. भरती नाही तर थांबा. आणि जिकडेतिकडे धुकं. स्वतःच्या होडीचं टोक दिसत नाही असं धुकं.

टेरेन्सला फोन लावला. तो दोन भाषांत शिव्या देत होता. फोन ठेवल्यावर जरा बरं वाटलं.

शनिवार, ७ जून

धुक्यात दीपस्तंभाला धडकले. दीपस्तंभाला! ज्याचं कामच दिसायचं!

टेरेन्सने अर्ज काढलाय, कंपनीला पाठवायला — 'धुकं हटवा, बोकड परत आणा'. सही केली. दोनदा करता आली असती तर दोनदा केली असती.

रविवार, ८ जून

बाबांनी पाहिलं.

सध्या पावसाळ्यातली मासेमारीबंदी. होडी वाळूत ताडपत्रीखाली झोपली आहे आणि बाबा दिवसभर हॉलमध्ये जाळं पसरून शिवत बसतात. बोटं आपली आपण चालतात, तोंड टीव्हीकडे. चहा आणायचा तर जाळ्यावरून लंगडी घालत जावं लागतं. मला वाटायचं त्यांचं लक्ष नाही. आज अचानक — "काय गो, होरी अशी वलंल काय? होरी हाय का रिक्षा?"

म्हटलं, तुम्ही वळवून दाखवा. कंट्रोलर दिला. त्यांनी तो आधी उलटा धरला. मग विचारलं, "कंचा महिना हाय?"

"जून."

"तुज्या टीव्हीत गो!"

टीव्हीत ऑक्टोबर होता. तसं दाखवलं तेव्हा कुठे होडी काढायला तयार झाले. बंदीत नाही म्हणजे नाही, गेममध्येसुद्धा! शिवाय होडी नवी, म्हणून टीव्हीपुढे नारळ ठेवला. आई म्हणाली, "आता फ्रिजचा सत्यनारायन पन घाला." संध्याकाळी त्याच नारळाची चटणी झाली.

होडी बंदराबाहेर पडायच्या आत बुडाली. बाबा इतके हसले, इतके हसले, की शेजारची पोरं दारात येऊन उभी राहिली.

रविवार, १५ जून

पैज लागली! लिहून ठेवते, नंतर बाबा शब्द फिरवतील.

लहानपणापासून मला होडीवर जायचंय. किनाऱ्या-किनाऱ्याने चक्कर नाही — खऱ्या मासेमारीला, पहाटे, बाबांबरोबर. लोअर परळला एसीत बसून लोकांचे विम्याचे अर्ज तपासते म्हणून काय झालं, मुलगी कोळ्याची आहे! पण मासळी म्हटलं की उत्तर ठरलेलं. "बायकांनी मावरा इकाचा, बाप्यांनी आनाचा." आई त्यावर नेहमी म्हणते, "आनि बाप्यांनी खाऊन झोपाचा." पण मला होडीवर ने, असं तीही कधी म्हणाली नाही.

आज म्हटलं, ठीक आहे. गेममध्ये काळे खडक आहेत, त्यांच्यातून होडी बंदरात आणून दाखवा. तुमच्या हाताने. मुदत नारळी पौर्णिमेला नारळ दर्यात पडेपर्यंत. आणलीत तर जन्मात पुन्हा विचारणार नाही. नाही आणलीत, तर हंगामाच्या पहिल्या फेरीला मी होडीवर.

बाबा मिशीत हसले. "चालीस वर्सा होरी आनतंय. तुजा डबा मना बुडवनार?"

आई साक्षीदार. तिने दोघांसमोर मान डोलावली, आणि मग मला स्वयंपाकघरात गाठून कानात म्हणाली, "हरू दे म्हाताऱ्याला."

रविवार, २२ जून

डबा बुडवतोय.

बाबा खेळायला भयंकर वाईट आहेत. चाळीस वर्षांचा दर्या तिथे काडीच्या उपयोगाचा नाही. गेमचा वारा त्यांच्या वाऱ्यासारखा येत नाही, भरतीचं गणित कुणीतरी डोंगरात बसून केलंय. पण वारा-भरतीपर्यंत मजल जातेच कुठे? खडक आला की थेट खडकावर. मग आरडाओरडा — "काय दिसतच नाय! धुका कवरा!"

त्यांना जरा बरं वाटावं म्हणून टेरेन्सचा अर्जवाला ऑनलाइन ग्रुप उघडून वाचून दाखवला. हजारो लोक, सगळ्यांची हीच रड. टेक्सासचा एक जण लिहितो, माझं जहाजच मला दिसत नाही. बाबांना कोण आनंद! "बग! अमेरिकेच्या पोरांनापन दिसत नाय!"

आता येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच. प्रितम — माझा चुलतभाऊ, बाबांच्या होडीवर तोच असतो — दोरखंड न्यायला आला होता. बिचाऱ्याला टेक्सास पूर्ण ऐकावं लागलं. जाताना मला म्हणाला, "काकांना सांग ना, टेक्सासला दर्या नाय." आहे रे, म्हटलं. तर तो बघतच राहिला.

शुक्रवार, २७ जून

खरं सांगू? मला हा भाग आवडायला लागलाय. टेरेन्सला सांगायची सोय नाही.

म्हणजे वाईटच आहे. गोष्ट भिकार. नोराला एकदम एक बहीण उगवली आहे, जिचं नाव पाच भागांत कुणाच्या तोंडून निघालं नव्हतं. शिडी चढताना नोरा मधेच हवेत अडकते आणि पोहायला लागते! पण वारा पडला की शिडं लोंबतात, पाणी नुसतं डुचमळत राहतं, करायला काही नसतं — आणि बाबा बोलायला लागतात. आजोबांनी त्यांना पहिल्यांदा होडीवर नेलं तेव्हा ते दिवसभर ओकत होते, हे मला या वयात कळतंय! आजोबा म्हणाले होते, "ओक, दर्याला बी खायला पायजे." पाचव्या भागात असं बसायला वेळच नव्हता. सारख्या तोफा.

मला वाटायचं, गेममध्ये सारखं काहीतरी घडलं पाहिजे. आता वारा पडला की मी मनातून खूश होते आणि जाळ्याचं एक टोक मांडीवर ओढून घेते.

शनिवार, ५ जुलै

बोकड सापडला! मीच!

आज बाबा पुन्हा खडकाकडे निघाले होते. धुक्यात मला अगदी पुसट काळं दिसलं आणि तोंडातून निघून गेलं — बेंऽऽ! बाबांनी झटकन होडी फिरवली. वाचली! दोघंही थक्क. मग पुढच्या खडकाला पुन्हा बेंऽऽ. डावीकडे असला तर बारीक, उजवीकडे असला तर जाडा आवाज, असं लगेच ठरून गेलं.

आई बाहेर आली, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "पोरीला लग्नासाठी बगायला येतील तवा हेच दाखवा."

पैजेत बोकड चालतो का, यावर जेवणभर वाद झाला. मी म्हटलं, पाच भागांत बोकड होता, तेव्हा तो जहाजाचाच हक्क. स्वतःच्याच विरुद्ध वकिली केली! बाबा हरले तर माझा फायदा, तरी ओरडायचं मीच. काय करू? खडक दिसला की राहवत नाही.

रविवार, १३ जुलै

टेरेन्स आला होता. दारात उभा राहिला तर बाबा म्हणाले, "ये रे प्रितम, बस."

"अंकल, मी टेरेन्स."

टेरेन्स प्रितमपेक्षा हातभर उंच, वर दाढी! आम्ही हसून हसून दमलो. "मागून उजेड हाय त्याच्या," बाबा म्हणाले, आणि मग स्वतःही हसले.

सुकटीवर ताव मारून झाल्यावर टेरेन्स मुद्द्यावर आला. म्हणाला, हा भाग आपण मोजायचाच नाही. पाचानंतर थेट सात. "कीर्ती, तू आठव ना, बोकड पडला होता पाण्यात चौथ्या भागात, आपण दोघं रडलो होतो. आणि ह्या लोकांनी त्याला साधं 'मेला' पण नाय म्हटलं. विसरले!"

त्याचं बरोबर आहे. एकूण एक शब्द बरोबर. तरी माझ्या तोंडून निघालं, "वाईट आहे रे, पण माझा आहे." तो असा बघायला लागला की जणू मी धर्म बदलला. मग बाबांनी त्याला काळे खडक खेळून दाखवले, मी बोकड. टेरेन्सने आधी कपाळावर हात मारला. थोड्या वेळाने तोही ओरडायला लागला.

शुक्रवार, १८ जुलै

बाबांनी हॉलची ट्यूब बदलायला लावली. मंद झाली म्हणे. नवी आणली. तीही मंदच निघाली! आजकाल कशात दम राहिला नाही. ट्यूबमध्ये नाही, सहाव्या भागात नाही.

गुरुवार, २४ जुलै

आज गटारी, सगळा कोळीवाडा रंगात. बाबांनी मात्र एक घोटही घेतला नाही. का, तर आज खडक पार करायचेत! खेळाडू झालेत!

आणि जवळजवळ झालेच होते. शेवटचा खडक राहिला. पण नेमकी मला शिंक आली. मस्टर्ड कधी शिंकला नव्हता. होडी गेली.

"बोकराला सर्दी झाली," बाबा आईला सांगत होते. रागावले नाहीत. मला मात्र वाईट वाटलं, अगदी आतून. त्यांनी हरावं म्हणून तर मी पैज लावली होती ना? मग हे काय!

शनिवार, २ ऑगस्ट

होडीची रंगरंगोटी. सरकारची बंदी उठली, पण बाबांची नारळी पौर्णिमेपर्यंत असते. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशीही नाही, रविवारीच निघायचं ठरलंय. प्रितम उत्साहात आहे.

निळा पट्टा बाबा स्वतः ओढतात, कुणाला ब्रश देत नाहीत. यंदा पट्टा वाकडा गेला. प्रितम म्हणाला, "काका, पोटाला खाली उतरलाय." बाबा म्हणाले, "दर्यात सगलाच वाकडा असतो. कोन बगतंय?" आई म्हणाली, मासे बघतात. शेवटी मी पुसून पुन्हा ओढला. होडीला हात लागला माझा! तेवढं तरी झालं.

मी पावसाळी चप्पल काढून ठेवली आहे. जुना सलवार-कुर्ताही. पैज अजून संपलेली नाही म्हणून आईला दाखवलं नाही.

बुधवार, ६ ऑगस्ट

टेरेन्सचा फोन. आधी नुसता किंचाळला. पॅच येतोय! कंपनीने माफी मागितली आहे. शुक्रवारपासून धुकं पूर्ण काढून टाकणार. बोकडाचं 'विचाराधीन'.

"आपण जिंकलो, कीर्ती!"

हो, म्हटलं. आनंद झालाय असा आवाजही काढला. पण झाला नाही. सगळ्या जगाने शिव्या दिलेलं ते धुकं — मला ते आता जायला नको होतं. धुकं गेलं की बोकड कशाला लागतो? सही माझीच आहे, कुणाला सांगू.

आईने विचारलं पॅच म्हणजे काय. ठिगळ, म्हटलं. "मंग बापाकडून लावून घ्या ना, घरात बसलाय तो."

बाबा मात्र खुशीत. "आता बग! धुका गेला की मी आनि दर्या. तू घरीच रव, डबा भरून दे मना रविवारी."

म्हणजे मी हरणार. ठीक आहे. जिंकू देत. खरंच जिंकू देत.

शुक्रवार, ८ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

खाली बँड वाजतोय. आई हिरवं लुगडं नेसून, वेणी माळून कधीची तयार, स्वयंपाकघरात नारळीभात झाकून ठेवते आहे. मिरवणूक निघायला वेळ होता म्हणून बाबांनी डोक्यावर लाल टोपी चढवूनच टीव्ही लावला.

पॅच उतरला होता. पडदा लख्ख. प्रत्येक खडक वेगळा दिसत होता, मागे बंदर, बंदरावर वाळत घातलेले कपडेसुद्धा. किती सुंदर काढलं होतं हे सगळं! इतके दिवस कळलंच नव्हतं. मी गप्प बसले. त्यांचं त्यांना जिंकू द्यायचं होतं.

बाबा नाक टीव्हीला लावून बसले. होडी हळूहळू नेली. सरळ पहिल्याच खडकावर.

"काय गो, वरडली नाय?"

"बाबा, धुकं गेलंय ना."

"कुठं गेला? हाय तवराच हाय की. तुजा ठिगल खोटा." त्यांनी होडी पुन्हा पाण्यात घातली. "चल, तू वरड."

मला मंद ट्यूब आठवली, वाकडा पट्टा आठवला. मी ओरडले. बेंऽऽ. त्यांनी फिरवली. मी ओरडत राहिले. स्वयंपाकघरात आई हसत होती.