दहा पापडांची सरासरी

निलंगा, १८ जानेवारी

प्रिय दामिनी,

दिवाळीनंतरचे हे माझे पहिले पत्र. फोनवर मला नीट बोलता येत नाही. लिहिताना निदान खाडाखोड करता येते.

काल सकाळी मी प्रकाशाचा वेग मोजला. दिवाळीत ज्या प्रयोगासाठी तू दहा मिनिटे मागितलीस आणि मी घड्याळ दाखवून ड्यूटीसाठी बसस्थानकावर निघून गेलो, तोच प्रयोग. पद्धत तुझ्या अकरावीच्या वहीत सापडली. मायक्रोवेव्हमधली फिरती थाळी काढून उडदाचा कच्चा पापड आत ठेवला. तो सगळीकडे फुलला नाही, ठिपक्याठिपक्यांनी फुलला. लगतच्या दोन ठिपक्यांतले अंतर म्हणजे ओव्हनमधली अर्धी लहर, आणि ती लहर प्रकाशाच्याच वेगाने धावते. एका मापावर माझा विश्वास नसतो, म्हणून दहा पापड घेतले. मी पट्टी लावत होतो तेव्हा तुझी आई म्हणाली, “पापड भाजून राहिलात का पोरीची पत्रिका मांडून राहिलात? निम्मे तर कच्चेच हायेत!” सरासरी सहा पूर्णांक एक दशांश सेंटिमीटर आली. ती दुप्पट करून ओव्हनच्या पाठीवर छापलेल्या कंपनसंख्येने गुणली. सेकंदाला दोन लाख अठ्ठ्याण्णव हजार नऊशे किलोमीटर. गुणाकार तीनदा तपासला आणि खुर्चीत बसून राहिलो. आपल्या ओट्यावर, चांगुणामावशीने लाटलेल्या पापडावर, हा आकडा!

वहीत पुढे तू लिहिले आहेस की पृथ्वी सेकंदाला तीस किलोमीटर धावते. म्हणजे लातूरहून नांदेड पाच सेकंदांच्या आत. आमची एसटी साडेतीन तास घेते. धावत्या गाडीत पुढे चालणाऱ्या वाहकाचा वेग गाडीच्या वेगात मिळवावा लागतो, एवढे मला ठाऊक होते. प्रकाशाच्या वेगात मात्र पृथ्वीचे धावणे मिळतही नाही, वजाही होत नाही. पूर्वेला धाडा, उत्तरेला धाडा, वेग तोच. हे आपल्या ओव्हनला दिसणार नाही. त्यासाठी तुझी काटकोनातली आरशांची मांडणी आणि पीएच.डी.ची तीन वर्षे लागली.

आणि त्या तीन वर्षांबद्दल मी दिवाळीत तुझ्या हणमंतमामांसमोर विचारले, “दोन दिशांत फरक किती सापडला? शून्य. मग एवढे दिवस केलेस काय?” तू उठून बॅग भरू लागलीस. दुसऱ्या सकाळी तुझी गाडी मीच सोडली. तू खिडकीतून माझ्याकडे पाहत होतीस आणि मी घड्याळाकडे. नोंदवहीत लिहिले, ‘विलंब शून्य’. वाहतूक नियंत्रक म्हणून सत्तावीस वर्षे मी याच शून्यासाठी चालकांशी भांडलो. ते आपोआप येत नाही, हे माझ्याइतके कोणाला कळावे? अख्खी पृथ्वी धावत असताना तू ते मोजून दाखवलेस, आणि मला ते ओळखता आले नाही.

तुझ्या अंतिम मौखिक परीक्षेचे निमंत्रण महिनाभर उत्तराविना माझ्या टेबलावर आहे. कोणालाही बसून ऐकता येते, असे त्यात म्हटले आहे. मी चार दिवसांची रजा मंजूर करून घेतली आहे आणि नांदेडहून तुझ्याकडे येणाऱ्या रेल्वेची आईची आणि माझी तिकिटे काढली आहेत. समजेल थोडेच. तू हो म्हणालीस तर शेवटच्या रांगेत बसू. नको म्हणालीस तर ती तिकिटे रद्द करीन आणि तुला दोष देणार नाही. दहावा पापड मी आईला तळू दिलेला नाही. ठिपक्यांसकट डब्यात ठेवला आहे. माझे माप कुठे चुकले, ते तूच सांग.

तुझाच,
बाबा