हवामानाची बारा पानं

दि. ४ फेब्रुवारी

ती. आजीस,
तुझ्या खारीचा सा. न.

साहित्यसिद्धान्त आणि काव्यशास्त्राच्या वर्षभराच्या अभ्यासक्रमातला शेवटचा निबंध उरलाय. तो पास झाला तरच प्रमाणपत्र, नाहीतर वर्ष पाण्यात. विषय घेतलाय तुझी पत्रं. समोर असलीस की तू आजोबांना दिवसभर बोलतेस. पण सहा वर्षांतल्या एकतीस पत्रांत त्यांच्याविषयी अवाक्षर नाही. त्या जागी हवामान. कधी ‘फार उकडतंय’, कधी ‘वारा पडलाय’. याला मी मौनाचं काव्यशास्त्र म्हटलंय आणि नुसत्या हवामानावर बारा पानं लिहिली आहेत. निबंध तपासणाऱ्या बाई खूश आहेत.

आजोबांचा डोळा कसा आहे? मोतीबिंदू काढल्यावर वाकायचं नसतं, त्यांना सांग.

तुझ्या बोलण्याची भुकेली,
खार

दि. ११ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

ह्यांच्या डोळ्याला पट्टी, म्हणून तुझं पत्र खालच्या शिंपीणबाईंनी वाचून दाखवलं आणि हेही त्याच लिहितायत. एरवी वाचणं-लिहिणं दोन्ही खाती ह्यांच्याकडे. शिंपीणबाईंनी तोंडात टाचण्या धरून वाचलं, तरी सगळं समजलं.

अगं, मौन कसलं? प्रत्येक पत्रात मी आधी ह्यांचीच हजेरी घेत आले. ओला टॉवेल खुर्चीवर, किल्ली फ्रिजमध्ये, सगळं सांगायचे. हे मान खाली घालून लिहायचे. मला वाटायचं, किती मोठ्या मनाचा माणूस, स्वतःचीच निंदा वळणदार अक्षरात उतरवतोय. हवामान मी एकदाही सांगितलेलं नाही. मी बाहेर जाते कुठे?

ह्यांना विचारलं, तर म्हणे डॉक्टरांनी डोक्याला ताण नको सांगितलाय. मग शिंपीणबाईंनी कात्री खाली ठेवली, तेव्हा कबूल झाले. तेहतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली, मोकळी जागा सोडवत नाही. म्हणून गाळलेल्या वाक्याच्या जागी तेवढ्याच लांबीचं हवामान भरत गेले.

तर तुझी बारा पानं ह्यांच्यावर आहेत, माझ्यावर नाहीत. तुझ्या बाईंना सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सांगितलं असतं. पण मी शाळेतच गेले नाही, त्यामुळे नापास व्हायची भीती मला ठाऊक नाही.

माया पूर्वीइतकीच, यात कोणी काही गाळलेलं नाही.
तुझी आजी

दि. १८ फेब्रुवारी

ती. आजीस,
सा. न.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, मौन लेखनिकाचं असेल तर निबंध उलटा करून पुन्हा लिही. पण वाक्यं खरंच गाळली गेली याला पुरावा लागेल, नुसतं आजी म्हणते हे चालणार नाही. निदान दहा वाक्यं हवीत, कोणती कोणत्या पत्रातली ते धरून, आणि तीही महिनाअखेरपर्यंत. नाही मिळाली तर मी नापास.

आजी, काही आठवतंय का? आजोबांना सांग मी रागावलेली नाही. खोटं आहे, पण सांग.

उत्तराच्या वाटेकडे डोळे लावून,
खार

दि. २३ फेब्रुवारी

चि. खारूस,
अ. उ. आ.

पट्टी निघाली. लिहिणारे पुन्हा हेच. पण शिंपीणबाई शेजारी बसून ओळ न् ओळ तपासतायत.

मला एकही वाक्य आठवलं नाही. मी बोलते आणि मोकळी होते. हे मात्र खुर्चीत ताठ बसले आणि एकतीसच्या एकतीस वाक्यं सांगितली, तारखांसकट, माझ्याच सुरात. शिंपीणबाईंना हसून सुईत दोरा ओवता येईना. चौथ्या पत्रात मी म्हटलं होतं, ह्यांना हाक मारणं म्हणजे बंद दुकानाची घंटी वाजवणं. चांगलं आहे, ते सगळ्यात वर घाल.

मी म्हटलं, इतकं लागलं होतं तर तेव्हाच बोलायचं. म्हणाले, लागलं नव्हतं. वाक्यं चांगली होती म्हणून लक्षात राहिली. पण नातीपुढे अब्रूही होती.

तीस वाक्यं सोबत आहेत, खाली शिंपीणबाईंची साक्षीदार म्हणून सही. एकतिसावं ह्यांच्या मोठ्या आजारपणातलं. त्यात मी ह्यांना नावं ठेवली नव्हती. हे ते वाक्यही लिहायला निघाले, तेव्हा मी कागद ओढून घेतला. तुझ्या बाईंनी विचारलं तर सांग, तेवढं एक मौन आजीचं स्वतःचं आहे.

लोभ आहेच, तो बाईंना तपासायला देऊ नकोस.
तुझी आजी