एक इंच कमी

३ मार्च, सकाळ
आजपासून रोजनिशी. घरात एक प्रॉब्लेम आला आहे आणि तो मी महिन्याभरात सोडवणार आहे. कसा सोडवला, याची कुठेतरी नोंद हवी.

प्रॉब्लेम असा की लेक जेवत नाही. काल डॉक्टरबाईंनी त्याला नाव दिलं, अ‍ॅनोरेक्सिया. म्हणाल्या, हा हट्ट नाही, नखरे नाहीत, आजार आहे. मी मान डोलावली. मनात म्हटलं, दवाखान्याबाहेर एवढी पाटी लावायची तर आत काहीतरी मोठं नाव हवंच.

मग त्यांनी विचारलं, मुलगी इतकी वाळली आणि घरात कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मी म्हटलं, कपडा कधी ढगळ दिसलाच नाही हो. मी लेडीज टेलर. वर्षभर तिचे ड्रेस मीच पुन्हा पुन्हा आत घेत आलोय. फिटिंग एकदम फर्स्ट क्लास. बायकोने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. का, ते विचारायचं राहिलं.

४ मार्च
डॉक्टरबाईंचे नियम. प्रत्येक जेवणाला तिच्यासोबत बसायचं. ताटाबद्दल चकार शब्द नाही. कुणाच्या अंगाबद्दल तर नाहीच नाही. रागवायचं नाही, लालूच दाखवायची नाही. एवढं करून वजन उतरतच राहिलं, तर अ‍ॅडमिट.

सोपं आहे. आयुष्य बायकांची मापं घेण्यात गेलं. त्यांच्या मनातलं मला कळणार नाही तर कुणाला?

दुपारी जेवायला दुकानातून वर घरी जाता आलं नाही. गिऱ्हाईक होतं. कामाच्या धुंदीत मला भुकेचं भान राहत नाही, हे मी लेकीला नेहमी अभिमानाने सांगतो. तेवढाच तिला आदर्श.

७ मार्च
आज बसलो. नियमाप्रमाणे गप्प. नंतर फक्त एवढंच म्हटलं की बटाटा छान शिजलाय. हे ताटाबद्दल नाही, बटाट्याबद्दल आहे. मग तिच्या वयात मी काय काय खायचो ते सांगितलं. मग जगात किती लोकांना खायला मिळत नाही, ते. मग गाडी उतारालाच लागली.

तिने ताट सरकवलं. ही म्हणाली, तुम्ही दुकानातच बरे. कामाची कदर आहे हिला.

११ मार्च
अंगाबद्दल बोलायचं नाही हा नियम वरच्या मजल्यावर. दुकान खाली. त्यामुळे तिथे लागू नाही.

शिवाय धंदा त्यावर चालतो. गिऱ्हाईक आत आलं की माझं पहिलं वाक्य, ताई, बारीक झालात हो! बाई खुलते. मग कंबरेचं माप मोठ्याने सांगायचं ते एक इंच कमी. लिहिणाऱ्याने मनातल्या मनात एक मिळवून लिहायचं. बाई खूश, कपडाही बरोबर. ही माझी स्वतःची सिस्टिम. लेक लहानपणी शाळेतून आली की काउंटरमागे बसून मापं लिहून घ्यायची. एकदाही एक मिळवायला विसरली नाही. हुशार पोरगी.

१५ मार्च
ही रडत होती. लेक तिला म्हणाली की आरशात अजून जाडच दिसते मी. हाडं मोजता येतील अशी अवस्था आणि ही पोर म्हणते जाड!

पण मला मार्ग सापडला. आरसा फसवत असेल, टेप फसवत नाही. तिला कुणी आकडा दाखवलाच नाहीये. डॉक्टरबाईंना विचारायची गरज वाटली नाही. त्या त्यांच्या विषयात, मी माझ्या.

१६ मार्च
लेकीला दुकानात बोलावलं. कंबर मोजली. माप मोठ्याने सांगितलं आणि म्हटलं, बघ, आता बोल.

ती शांतपणे म्हणाली, म्हणजे खरं एक इंच जास्त.

मी म्हटलं, नाही गं, हे खरंच आहे. म्हणाली, बाबा, तुम्ही गिऱ्हाइकांनाही हेच म्हणता. शपथ घेतली. म्हणाली, शपथही घेता. टेप तिच्या हातात दिली, तूच बघ म्हटलं. तर म्हणाली, टेप जुनी झाली की ताणली जाते. हेही माझंच वाक्य. रेडिमेडवालं माप आणि माझं माप जुळलं नाही की मी हेच सांगतो.

सगळी उत्तरं तिच्याकडे तयार होती आणि सगळी माझ्या दुकानातली. संध्याकाळी ती जेवायला आलीच नाही. उद्या नवी टेप आणतो.

१७ मार्च
निश्चय. आजपासून दुकानात खरं बोलायचं.

पहिल्या ताईंना खरं माप सांगितलं. त्यांनी कापडाची घडी केली आणि गेल्या. दुसऱ्या ताई म्हणाल्या, तुमची तब्येत बरी आहे ना? तिसऱ्या जुन्या गिऱ्हाईक, लग्नसराईची ऑर्डर. त्या दारात दिसल्या आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, बारीक झालात हो!

वळून बघतो तर लेक जिन्यात बसलेली. उठली. वर निघून गेली.

निश्चय सीझनपुरता स्थगित.

२४ मार्च
ती बाथरूममध्ये चक्कर येऊन पडली. गाडीपर्यंत नेताना मी उचललं. पोरगी उचलायला लागेल तेवढा जोर लावला आणि माझाच तोल मागे गेला. काहीच वजन नव्हतं हातात. लोकांचं माप नजरेनं सांगतो म्हणून फुशारकी मारणारा मी.

अ‍ॅडमिट केलं. डॉक्टरबाईंना विचारलं, माझ्या बोलण्याने झालं का? म्हणाल्या, हा आजार एका कारणाने होत नाही, कुणाला दोष देऊन बराही होत नाही. पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं. मला भीती वाटते आहे. टेपची आठवणही झाली नाही आज.

९ एप्रिल
जेवणाच्या वेळी हॉस्पिटलमध्ये तिच्यासोबत बसतो. सूप, ब्रेड, केळं. तीच थाळी मलाही. कधी ती रडते, कधी मला नाही नाही ते बोलते. सिस्टर म्हणाल्या, ते तिचं बोलणं नाही, आजाराचं आहे, तुम्ही फक्त बसून राहा. आज उत्तर देण्यासाठी तोंड उघडलं, मग त्यात ब्रेड घातला. चघळत बसलो. बऱ्याच वेळाने तिनेही एक घास घेतला.

डॉक्टरबाईंनी विचारलं, आज काय वेगळं केलंत? ही म्हणाली, हे गप्प बसले. मला यावर थोडं सविस्तर बोलायचं होतं, पण राहू दे.

२१ एप्रिल
मध्ये चार दिवस वाईट गेले. डॉक्टरबाई म्हणतात, असंच मागेपुढे होत राहील, महिने लागतील, कदाचित जास्तच. महिन्याभरात सोडवणार असं मी इथे लिहिलंय. ते पान फाडावंसं वाटलं.

हॉस्पिटलचा गाऊन तिच्या अंगावर गोणपाटासारखा लोंबतो. शिवण तर बघवत नाही. आज टाचण्या खिशात घालून गेलो होतो, म्हटलं दोन्ही बाजूंनी चिमटीभर आत घेऊ. लेकीने हात धरला. म्हणाली, बाबा, आता काही आत घेऊ नका.

मग केळं अर्धं खाल्लं. मग उरलेलंही. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

निघताना म्हणाली, घरी यायच्या दिवसासाठी एक ड्रेस शिवाल? माप न घेता. सैल. मी विचारलं, किती सैल? म्हणाली, मला अजून माहीत नाही.

आजवर मापाशिवाय कापडाला कात्री लावली नाही मी. दुकानात येऊन कापड पसरलंय, हातात खडू आहे आणि रेघ कुठे मारायची ते कळत नाही.

वरून ही जेवायला हाक मारते आहे. बाहेर गिऱ्हाईक उभं आहे. त्याला थांबायला सांगतो आणि वर जेवायला जातो.